‘मुलांना जेवण द्या, सायकॉलॉजिस्ट कशाला?’ या मेसेजला माझं उत्तर

सध्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: अत्याचार झालेल्या, मारहाण सोसलेल्या किंवा टाकून दिलेल्या गरीब मुलांसाठी सायकॉलॉजिस्ट तयार करणं हे शहरी फॅड आहे, त्यावर पैसे घालवू नका. लहान मुलं सगळं विसरतात, त्यांना पोटभर जेवण, शाळा आणि माया द्या, आणि फारच वाटलं तर एखाद्या प्रेमळ ताईने जवळ बसवून एकदा सगळं बोलून घ्यावं, मूल मोकळं होतं. शेवटी नेहमीचं वाक्य, आपण काय कमी मार खाल्ला? मी याच क्षेत्रात काम करतो, नव्या मुलामुलींना शिकवतोही, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय, कारण या मेसेजवर विश्वास ठेवून कोणी वागलं तर नुकसान मुलांचंच होतं.

आधी फॅडचं बघू. मुंबईत टाटा संस्थेने (आजची टाटा समाजविज्ञान संस्था) चाइल्ड गायडन्स क्लिनिक, म्हणजे मुलांच्या मानसिक अडचणींसाठीचं क्लिनिक, सुरू केलं ते १९३७ साली. त्यामुळे हे काल-परवा परदेशातून आलंय असं कोणी म्हणू नये.

आता ‘मुलं विसरतात’. तीन वर्षांच्या मुलाला झालेला प्रसंग शब्दांत सांगता येत नाही एवढंच खरं, पण तेच मूल रात्री किंचाळून उठतं, सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय परत लागते, मागून कोणी खांद्यावर हात ठेवला की अंग चोरतं, पोट दुखतं म्हणून रोज रडतं आणि डॉक्टरला तपासणीत काहीच सापडत नाही. वर्गात ते एकटक खिडकीकडे बघत बसतं, हाक मारली तरी ऐकू जात नाही, किंवा उलट एका जागी बसत नाही, क्षुल्लक कारणावरून भडकतं, आणि मग एडीएचडी (लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणाचा विकार) म्हणून शिक्का बसतो कारण वरवर आघात आणि एडीएचडी दोन्ही खरंच सारखं दिसतं. घरी काय चाललंय हे विचारायचं कसं, कोणाला विचारायचं आणि कोणासमोर मुळीच विचारायचं नाही हे शिकलेलं नसेल तर चांगला हुशार माणूससुद्धा इथे चुकतो. आणि विसरण्याबद्दलच बोलायचं तर अमेरिकेत सॅन डिएगोला १७,००० हून जास्त प्रौढ लोकांचा अभ्यास झाला, त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ ला आले, त्यात लहानपणी जितक्या जास्त प्रकारचा छळ किंवा घरातली हिंसा वाट्याला आली तितकं मोठेपणी डिप्रेशन, दारू आणि हृदयविकाराचंही प्रमाण वाढलेलं दिसलं. ही सगळी इन्शुरन्स असलेली माणसं होती बरं का, हातावर पोट असलेली नव्हे.

‘आपण मार खाल्ला’ याला जास्त वेळ देत नाही. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला, महाराष्ट्र आणि गोवाही त्यात होते. दर तीनात दोन मुलांनी मारहाण झाल्याचं सांगितलं आणि निम्म्याहून जास्त, ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला. एवढ्या मुलांच्या सांगण्यासमोर ‘मला काही झालं नाही’ हे उत्तर होऊच शकत नाही.

मला सर्वात जास्त भीती वाटते ती ‘प्रेमळ ताईने एकदा बोलून घ्यावं’ या सल्ल्याची. ताईच्या मनात वाईट काहीच नसतं, पण बघा काय होतं. धरून चला, नऊ वर्षांची मुलगी आहे. ताई तिला जवळ घेते आणि म्हणते, सांग बाळा, मी कोणाला सांगणार नाही, प्रॉमिस. मुलगी सांगते. आता पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हे पोलिसांना कळवणं ताईला बंधनकारक आहे, म्हणजे दुसऱ्याच दिवशी प्रॉमिस मोडलं, आणि मोठ्या माणसाने फसवलेल्या मुलीला अजून एका मोठ्या माणसाने फसवलं. त्यात ताईने घाईत ‘काकांनीच केलं ना?’ असं विचारलेलं असतं, मुलगी मान डोलावते, आणि पुढे कोर्टात बचाव पक्षाचा वकील नेमकं तेच धरतो की उत्तर तर तुम्हीच तिच्या तोंडात घातलं. नंतर तीच गोष्ट मुख्याध्यापकांसमोर, पोलिसांसमोर, डॉक्टरसमोर, बाल कल्याण समितीसमोर (संकटातल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती), परत परत. २०१२ च्या या पॉक्सो कायद्यात जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावेत, मुलाला कोर्टात वारंवार बोलावू नये, असं मुद्दाम लिहिलंय ते याचसाठी.

आणि एकदाच सगळं बाहेर काढून मोकळं करायची पद्धत मोठ्या माणसांवर तपासून झालेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ती वापरू नका असं स्पष्ट म्हटलंय. मुलांमध्ये आघाताची लक्षणं टिकून राहिली तर ट्रॉमावर, म्हणजे त्या आघातावर भर देणारी सीबीटी थेरपी (विचार, भावना आणि वागणं यांवर टप्प्याटप्प्याने काम करणारी) द्या, असं त्याच संघटनेच्या २०१३ च्या सूचनांमध्ये आहे.

ही थेरपी शिकलेला माणूस पहिल्या सेशनला घटनेबद्दल विचारतच नाही. तो आधी सांगतो की तुझं बोलणं मी गावभर करणार नाही, पण कोणी तुला इजा करतंय असं कळलं तर तुला वाचवायला मला ते योग्य माणसांना सांगावंच लागेल. मग कागदावर एक थर्मामीटर काढायचा, खाली शून्य वर दहा, आणि मुलीने बोट ठेवायचं, आत्ता भीती किती. श्वासाचा सराव करून परत बोट ठेवायचं, सातवरून पाचवर आली का बघायचं. भीती आपल्याला खाली आणता येते हे तिला स्वतःला कळलं की मगच, कितीतरी सेशननंतर, चित्रातून किंवा छोट्या छोट्या वाक्यांतून घडलेल्या गोष्टीकडे यायचं, आणि थर्मामीटर वर गेला की थांबायचं. बरोबरीने आईला किंवा जो कोणी सांभाळतो त्यालाही शिकवायचं, कारण आठवड्याचा एक तास आपल्याकडे असतो, बाकी सगळा वेळ त्यांच्याकडे. साधारण बारा ते सोळा सेशन लागतात.

‘आधी भाकरी’ हा मुद्दा मात्र मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात खरं आहे. उपाशी मुलाला श्वासाचे व्यायाम शिकवू नयेत. पण भाकरी मिळाली की बाकीचं आपोआप होतं हे चूक आहे, बालगृहात तिन्ही वेळ जेवण मिळतं तरी मुलं रात्री झोपत नाहीत. आणि गरिबीमुळेच तर वेगळं ट्रेनिंग लागतं. बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणारी कुटुंबं निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. ऑक्टोबरमध्ये सोळा सेशनची थेरपी सुरू करणाऱ्याने मुलाचा अर्धा विश्वास कमावला आणि मूल कारखान्यावर गेलं, किंवा मूल मागे हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहिलं. मग थेरपीत सोबत कोण, आजी. आजीला दम लागतो, तालुक्याला यायला एसटीचे पैसे नाहीत, तर आपण गावात जायचं. हे शिकायला पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित क्लिनिकमधली इंटर्नशिप पुरत नाही. माझ्याकडे एमए करून येणारी मुलं अभ्यासात पक्की असतात, टेस्ट बिनचूक लावतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांनी बाल कल्याण समितीची बैठक कधी पाहिलेली नसते. दोष त्यांचा नाही, त्यांना तिथे कोणी नेलंच नाही.

राहिला प्रश्न, एवढे सायकॉलॉजिस्ट आणायचे कुठून. आफ्रिकेतल्या झांबियात लुसाका शहरात ५ ते १८ वयाच्या २५७ मुलांवर याच ट्रॉमावर भर देणाऱ्या सीबीटीची चाचणी झाली, २०१५ ला छापून आली. थेरपी देणारे स्थानिक साधे काउन्सेलर होते, मानसशास्त्राची डिग्री नसलेले, आणि मुलांची ट्रॉमाची लक्षणं नेहमीची मदत मिळालेल्या मुलांपेक्षा खूप जास्त कमी झाली. मेसेजवाले म्हणतील, बघा, सायकॉलॉजिस्ट लागतच नाहीत. पण त्या काउन्सेलरांना आधी ट्रेनिंग होतं, मग सराव, आणि केस सुरू असताना दर आठवड्याला सुपरव्हिजन, म्हणजे जाणकाराबरोबर बसून केसची चर्चा. हे सगळं बघणारा जाणकार माणूस लागतोच. एक नीट तयार केलेला सायकॉलॉजिस्ट तालुक्यातल्या दहा जणांच्या पाठीशी उभा राहू शकतो, आणि दर आठवड्याला अशा कहाण्या ऐकून त्या दहा जणांची झोप उडते तेव्हा त्यांचंही ऐकून घेतो. सुपरव्हिजन नसेल तर चांगली माणसं हे काम सोडून जातात, मी जाताना पाहिलीत.

आणि पैसे. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेमध्ये जिल्हा बाल संरक्षण कक्षात समुपदेशकाचं पद आधीपासून आहे, पगाराची तरतूद आहे. त्या खुर्चीत बसणाऱ्याला थर्मामीटर काढायला, कलम १९ समजावून सांगायला आणि आजीशी बोलायला शिकवायचं की नुसती रजिस्टरं भरायला लावायची, एवढंच आपल्याला ठरवायचंय.