बोल्ट किलोवर की नगावर?

धुळ्यात गाडीचं चाक उघडून बसलात की दहा मिनिटांत गल्ली जमते. कोणी स्टूल आणतं, कोणी चहा सांगतं, आणि मत तर प्रत्येक जण घरूनच घेऊन आलेला असतो. माझ्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड झिजले होते आणि लग्नासाठी कन्नड घाट चढून संभाजीनगरला जायचं होतं. चढायचं काही नाही हो. येताना चाळीसगावकडे उतरायचं असतं. पॅड नवे हवेत याबद्दल दुमत नव्हतं. पेटलं ते बोल्टवरून.

एरवी पॅड बदलायचे तर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्यातल्या पिनेचा खालचा बोल्ट काढायचा, कॅलिपर वर उचलायचा, संपलं. पण डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, झिजून कडेने चांगला ओठ आला होता, म्हणजे तीही बदलणं आलं आणि त्यासाठी कॅलिपर धरणारा मागचा ब्रॅकेट काढणं आलं. गाडीबरोबर मिळालेलं जाड पुस्तक मी उघडलं. (ते उघडणारा आमच्या गल्लीतला मी पहिलाच असेन.) त्यात स्वच्छ लिहिलं होतं : ब्रॅकेटचे बोल्ट एकदा काढले की नवे लावा.

"जुना बोल्टले काय व्हस?" शेजारच्या नानांनी पहिली तोफ डागली. नाना वर्कशॉपातून रिटायर झालेले, त्यामुळे चाक या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. पुस्तकवाले बोल्ट खपवायला असं लिहितात, असं त्यांनी जाहीर केलं. गल्लीने माना डोलावल्या.

तेवढ्यात आमचे वडील, म्हणजे आप्पा, आतून डालडाचा डबा घेऊन आले. त्या डब्यात सायकलीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्याचे बोल्ट आहेत. आप्पांनी आयुष्यात खिळासुद्धा फेकलेला नाही. वाकडा असेल तर सरळ करून ठेवतात. यात त्यांचाही दोष नाही म्हणा. जुने कागद गोळा करत गावोगाव हिंडलेले इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली या धुळ्यातच गेले आणि त्यांचं दफ्तर सांभाळणारं संशोधन मंडळ आजही इथेच आहे. जुनं टाकायचं नाही, हे आमच्या पाण्यातच आहे.

मी आपला पुस्तकातलं कारण सांगायचा प्रयत्न करत होतो. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो, आणि त्या ताणाच्या जोरावरच दोन भाग घट्ट धरून ठेवतो. ताण मर्यादेत असेल तर सैल केल्यावर बोल्ट मूळ लांबीवर येतो; मर्यादा ओलांडली तर लांबलेला तसाच राहतो. काही बोल्ट मुद्दाम त्या मर्यादेपर्यंत किंवा जरा पलीकडे आवळायचे असतात, ते एकदाच वापरायचे. काहींच्या आट्यांवर, बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून, कारखान्यातूनच लॉकिंगचा लेप येतो. एकदा उघडला की त्या लेपाचं काम संपतं. माझे बोल्ट या दुसऱ्या जातीचे होते. आट्यांच्या खाचांत निळसर भुगा दिसत होता.

मिस्त्रीने मात्र वाद न घालता दोन जुने बोल्ट उचलले, तारेच्या ब्रशने घासले, एकाचे आटे दुसऱ्याच्या आट्यांत अडकवले आणि जोडी उन्हासमोर धरली. मध्ये फट दिसली तर बोल्ट ताणलेला. फट नव्हती. "साहेब, आटे धरून ठेवणारं ते निळं लॉकटाइट लावा आणि हेच बसवा. लाल नका लावू, पुढच्या वेळी तापवल्याशिवाय उघडणार नाही." हे बोलणं मला पटलं होतं. पण घाट डोळ्यासमोर होता, आणि चार बोल्टांत वाचवून वाचवून वाचणार किती?

वाचणार किती ते कंपनीच्या पार्ट्स काउंटरवर कळलं. "बोल्ट सुटा येत नाही. अख्खा कॅलिपर घ्या." दारातली कडी तुटली तर घर बदला, अशा सहजपणे साहेब बोलले आणि कॉम्प्युटरकडे वळले.

मग आग्रा रोडवरचं नटबोल्टचं दुकान. मालकांनी नमुना तळहातावर तोलला आणि विचारलं, "किलोवर की नगावर?" त्यांनी दिलेला बोल्ट दिसायला सख्खा भाऊ, पण डोकं कोरं. माझ्या जुन्याच्या डोक्यावर 10.9 कोरलेलं. पहिल्या आकड्याला शंभराने गुणलं की तुटण्याची ताकद, 1000 मेगापास्कल. त्याच्या नऊ दशांशाला बोल्ट कायमचा ताणायला लागतो. कोरं डोकं म्हणजे फाटकाचा बोल्ट. मालक म्हणाले, "फाटकाला लावला तर वीस वर्षं हलत नाही." मी म्हटलं, फाटक घाट उतरत नाही.

शेवटी नाशिकच्या मावसभावाने योग्य बोल्ट शोधले आणि ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे पाकीट दिलं. पिनेचे बोल्ट मी जुनेच ठेवले. पुस्तकाची त्यांना हरकत नव्हती. पिना पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावू दिलं नाही, त्याने रबर फुगतं. त्यावरून आणखी एक चहा झाला.

आवळायला मिस्त्रीचा टॉर्क पाना आला, म्हणजे ठरवलेला पीळ बसला की कट् आवाज करणारा. माझ्या गाडीच्या ब्रॅकेटला शंभरएक न्यूटन-मीटर, पिनेच्या बोल्टला जेमतेम तीस. पान्याने कट् केलं की थांबायचं. "हातले समजस," नाना म्हणाले आणि उरलेला एक बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळून दाखवला. मग टॉर्क पाना लावला. कट् व्हायला आणखी पाव फेरा लागला. नाना म्हणाले, पाना बिघडलेला आहे.

घाट आम्ही सुखरूप उतरलो. जुने चार बोल्ट अर्थातच आप्पांच्या डब्यात गेले. पण उन्हाळा तोंडावर आला, नानांच्या कूलरच्या स्टँडचा पाय निखळला आणि ते डबा धुंडाळायला आले. त्यांनी नेमके तेच उचलले. संध्याकाळी त्यांच्या गच्चीतून हाक आली,

"भाऊ, याले कितला टॉर्क देवाना शे?"