भानू अथैया यांचं ऑस्कर: परत दिलं, पण निषेध म्हणून नव्हे

'भानू अथैया यांनी सरकारवर नाराज होऊन ऑस्कर परत केलं' असा, चित्रपटांच्या या वेशभूषाकारांविषयीचा एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. त्यातला 'परत केलं' एवढाच भाग खरा आहे.

2012 मध्ये त्यांनी ऑस्करची ती बाहुली हा पुरस्कार देणाऱ्या अमेरिकेतल्या अकादमीकडे पाठवली, ती जपणुकीसाठी. आपल्या पश्चात ती नीट राहील का, ही त्यांची काळजी होती. शांतिनिकेतनातून 2004 साली रवींद्रनाथांचं नोबेल पदक चोरीला गेलं होतं, त्याचा दाखलाही त्यांनी दिला होता. सन्मान नाकारणं आणि वस्तू सुरक्षित हाती सोपवणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. मेसेज लिहिणाऱ्याला तो दिसला नाही, किंवा पाहायचाच नव्हता.

दुसरी दुरुस्ती: 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये मिळालेलं हे पारितोषिक त्यांच्या एकटीचं नव्हतं, ते जॉन मोलो यांच्यासोबत विभागून होतं. तरीही ऑस्कर जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय, हे निर्विवाद.

'एका परदेशी चित्रपटाने नशीब उघडलं' हे मेसेजातलं वाक्य तर सरळ अन्यायाचं आहे. कोल्हापुरात जन्मलेल्या भानुमती राजोपाध्ये (हे अथैया यांचं माहेरचं नाव) मुंबईच्या जे. जे. मध्ये चित्रकला शिकल्या. त्यांनी वेशभूषा केलेला 'सी.आय.डी.' 1956 चा. म्हणजे 'गांधी'च्या आधी पाव शतकाहून जास्त काळ त्या हिंदी पडद्याचे कपडे ठरवत होत्या. पुढे 'लेकिन' आणि 'लगान'साठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. मेसेजात या पुरस्कारांचा उल्लेखच नाही.