दुकान १२९० वाजता बंद होईल

प्रोग्रामिंगचं कुठलंही पुस्तक उघडा, सेटिंगची फाइल वाचायला दोन ओळी पुरतात असं छातीठोकपणे लिहिलेलं असतं. पुरतातही. तीच फाइल परत लिहायची म्हटली की सगळे खाली बघायला लागतात. खुद्द पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेनेच २०२२ साली ३.११ आवृत्तीत टॉमल, म्हणजे सेटिंग लिहायच्या एका पद्धतीची फाइल वाचायची सोय दिली आणि लिहायची दिलीच नाही. तुमचं तुम्ही बघा!

मी हे भोगतोय ते मामांच्या फरसाणाच्या दुकानापायी. "तू कॉम्प्युटरवाला ना? मग बिलाचं काहीतरी करून दे," एवढ्यावर काम गळ्यात पडलं. दुकानाचं नाव, जीएसटी नंबर, वेळा हे सगळं एका फाइलमध्ये ठेवलं, म्हणजे मामा नोटपॅडमध्ये उघडून स्वतः बदलतील. अशी फाइल लिहायच्या पद्धतींपैकी जेसन बाद केलं, कारण त्याचे जनक डग्लस क्रॉकफर्ड यांनी त्यात कॉमेंटला जागाच ठेवलेली नाही आणि शेरा मारल्याशिवाय मामांना चैन पडत नाही. राहिली दुसरी पद्धत, यॅमल. दिसायला अगदी गरीब.

उघडायची वेळ ०९:३०, बंद व्हायची २१:३०. पहिल्याच दिवशी मामांचा फोन.

"अरे, बिलाखाली 'दुकान १२९० वाजता बंद होईल' असं छापलंय. गिऱ्हाइकं थांबू का म्हणून विचारतायत."

यॅमलच्या १.१ आवृत्तीला अंकांमध्ये दोन टिंबं दिसली की साठाचा हिशेब सुचतो. एकवीस गुणिले साठ, अधिक तीस, झाले १२९०. सकाळची वेळ वाचली ती केवळ सुरुवातीच्या शून्यामुळे. २००९ च्या १.२ आवृत्तीत हा आगाऊपणा काढून टाकला, पण माझी लायब्ररी, म्हणजे फाइल वाचून-लिहून देणारा आयता कोड, अजून १.१ लाच धरून बसली आहे. तिच्या लेखी 'एनओ' म्हणजे 'नाही', त्यामुळे देशांच्या यादीत नॉर्वेचा कोड लिहिला की नॉर्वेच्या जागी नुसता नकार उरतो. हे मी मामांना उत्साहाने सांगितलं.

"नॉर्वेला आपली शेव जात नाही. वेळ नीट कर."

वेळेला अवतरणचिन्हं घातली, प्रश्न मिटला. मग मामांना 'सेव्ह'चं बटण हवं झालं. त्यांनी फाइलमध्ये शेरा लिहून ठेवला होता: 'दिवाळीत २३:०० करणे. आधी तळणाऱ्याला विचारणे.' बटण दाबलं आणि शेरा गेला. लायब्ररी फाइल वाचताना कॉमेंट गिळून टाकते, मग लिहिताना आणणार कुठून? वर सगळ्या ओळी एबीसीडीच्या क्रमाने लावून दिल्या आणि दुकानाच्या नावातल्या 'श्री'च्या जागी बॅकस्लॅश, यू, ०९३६ अशी लांबलचक आकड्यांची माळ. कॉम्प्युटरला ती बरोब्बर 'श्री'च वाचता येते. मामांना नाही.

"देवाचं नाव होतं रे ते!"

कॉमेंट जपणारी दुसरी लायब्ररी आणली. तेवढ्यात सेव्ह होता होता लाइट गेली. लिहायला उघडली की फाइल आधी रिकामी होते, मग भरते. आमची रिकामी होण्यापर्यंतच पोचली. शून्य बाइट. शहाणी माणसं शेजारी तात्पुरती फाइल लिहून पूर्ण झाल्यावर तिचं नाव बदलतात. आता मीही तसंच करतो. मामांना हे समजावताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर ते एरवी उधारीवाल्यांसाठी राखून ठेवतात.

"एवढा कुटाणा कशाला? एक्सेलमध्ये ठेव ना. तिथे काही बिघडत नाही."

मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनीच भावांची यादी एक्सेलमध्ये पाठवली. तिखट शेव, वजन १ फेब्रुवारी किलो.