युक्रेनच्या वादकांना पळपुटे म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

‘देश जळत असताना युक्रेनचे वादक युरोपात पळाले आणि तिथे मजेत मैफली करताहेत. कलाकाराला राजकारणाशी काय करायचंय? गुमान वाजवत बसले असते तर कुणी बोटही लावलं नसतं.’ हा मजकूर फिरत फिरत व्हायोलिन शिकणाऱ्या माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिला तो पटायलाही लागला, म्हणून लिहितोय.

‘पळाले’ म्हणे! २४ फेब्रुवारी २०२२ ला तिथे मार्शल लॉ लागला आणि १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देशाबाहेर जायला बंदी झाली. एप्रिलमध्ये कीव सिम्फनी ऑर्केस्ट्रा युरोपच्या दौऱ्यावर निघाला तो सरकारी परवानगी घेऊन. संगीतकार वालेंतिन सिल्वेस्त्रोव कीवहून बर्लिनला गेले तेव्हा ८४ वर्षांचे होते. त्यांनी काय खंदकात उतरायचं होतं?

पण मला खरा संताप आहे तो ‘गुमान वाजवत बसले असते तर’ या वाक्याचा. दक्षिण युक्रेनमधलं खेर्सोन शहर रशियन सैन्याच्या ताब्यात होतं. तिथल्या नाट्यगृहाचे प्रमुख कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचे संचालक, युरी केर्पातेन्को शहर सोडून गेले नव्हते. १ ऑक्टोबर २०२२ ला, आंतरराष्ट्रीय संगीत दिनी, ताबा घेतलेल्या रशियनांना तिथे मैफल हवी होती. शहरात सगळं सुरळीत आहे, असं त्यातून दाखवायचं होतं. केर्पातेन्कोंनी नकार दिला. त्यांना त्यांच्या घरातच गोळ्या घालून मारलं, असं युक्रेनच्या संस्कृती मंत्रालयाने जाहीर केलं. ते पळाले नव्हते, हातात बंदूकही नव्हती. वाजवायचं की नाही हे ठरवायची मुभासुद्धा जिथे उरत नाही, तिथे ‘गुमान वाजवा’ हा सल्ला द्यायला जीभ कशी रेटते?

आणि राजकारण संगीताला सोडतं कुठे? कीवच्या वादकांनी त्या दौऱ्यात सोव्हिएत काळातले युक्रेनी संगीतकार ल्यातोशिन्स्की यांची तिसरी सिम्फनी वाजवली. ‘शांतता युद्धावर मात करील’ हे तिचं बोधवाक्य सोव्हिएत अधिकाऱ्यांना खुपलं होतं आणि तिचा शेवट ल्यातोशिन्स्कींना बदलायला लावला होता.

परदेशात जीव सुरक्षित राहतो, हे कबूल. बूमबॉक्स या युक्रेनी बँडचा गायक आंद्री ख्लिव्न्यूक अमेरिकेचा दौरा अर्धवट टाकून लढायला परतला, हेही खरं. त्याच्याबद्दल आदरच आहे, पण म्हणून बाकीचे भ्याड ठरत नाहीत. हे दौरे म्हणजे युक्रेनची बाजू मांडणं आहे, हा आरोपही मान्य. वादकांनी ते कधी लपवलेलंच नाही.

ज्यांनी हा मजकूर पुढे पाठवला, त्यांनी आता त्याच लोकांना केर्पातेन्कोंची हकीगतही पाठवावी.