हंगेरीचे गुण कोणी कापले?

“हंगेरीत दर चार वर्षांनी निवडणूक होते, लोकांनी पंतप्रधान म्हणून व्हिक्टर ऑर्बान यांनाच वारंवार निवडून दिलं, तरी पाश्चात्त्य संस्थांनी त्यांना हुकूमशहा म्हटलं. अमेरिकेच्या गोटात असेल त्याला गुण, बाकीच्यांना शून्य. लोकशाहीचे सगळे निर्देशांक एकाच माळेचे मणी, कचऱ्यात टाका.” या आशयाचा मजकूर सतत पुढे पाठवला जातो. 2021 साली अशा दोन अहवालांत भारताची श्रेणी उतरली, त्यामुळे आपल्याकडचा राग मला समजतो. पण हे दावे टिकत नाहीत.

आधी गोटाचं पाहू. हंगेरी 1999 पासून नाटोत आणि 2004 पासून युरोपीय संघात आहे, म्हणजे गोटातलाच देश. तरीही देशोदेशींच्या स्वातंत्र्याला गुण देणाऱ्या फ्रीडम हाऊस या अमेरिकी संस्थेने 2019 मध्ये त्याला ‘अंशतः मुक्त’ ठरवलं. संघातल्या कुठल्याही देशावर ही वेळ त्याआधी आली नव्हती. अझरबैजानचं तेल पश्चिमेला हवं असतं, पण त्याचा शेरा वर्षानुवर्षं ‘मुक्त नाही’ असाच आहे. उलट रशिया आणि चीनच्या मधोमध वसलेला, नाटोबाहेरचा मंगोलिया ‘मुक्त’ आहे. खुद्द अमेरिकेचे गुण 2010 ते 2020 या दशकात 100 पैकी 94 वरून 83 वर आले.

फ्रीडम हाऊसला अमेरिकी सरकारचा पैसा मिळत आला आहे, हे खरंच आहे. पण पैशावरूनच निकाल ठरत असेल, तर ‘पॉलिटी’चं काय? या अमेरिकी प्रकल्पाला सीआयएच्या निधीतून मदत मिळत होती, आणि उणे 10 ते अधिक 10 या पट्टीवर त्याने 2018 पर्यंत हंगेरीला पूर्ण 10 दिले! दुसरीकडे स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या व्ही-डेम या लोकशाही मोजणाऱ्या संस्थेने 2020 च्या अहवालात त्याच देशाला लोकशाहीच्या यादीतून काढलं. एकाच माळेचे मणी असे एकमेकांच्या विरुद्ध जात नाहीत. पॉलिटी पाहते ती सत्ताप्रमुख कसा निवडला जातो, त्याच्यावर अंकुश किती आणि राजकीय स्पर्धा किती खुली, एवढंच. वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य तिच्या पट्टीत नाही, व्ही-डेमच्या आहे.

आता निवडणुकीचा मुद्दा, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. 2010 मध्ये ऑर्बान यांच्या आघाडीला सुमारे 53 टक्के मतांवर दोन-तृतीयांश जागा मिळाल्या. त्या बळावर 2011 मध्ये नवी राज्यघटना आणि नवा निवडणूक कायदा आला, आणि संसदेच्या जागा 386 वरून 199 झाल्या. 2014 मध्ये मतं 45 टक्क्यांवर घसरली, पण जागा मिळाल्या 133, म्हणजे दोन-तृतीयांशाला लागतात नेमक्या तेवढ्या. 2018 मध्ये चारशेहून अधिक माध्यमं सरकारधार्जिण्या एकाच प्रतिष्ठानाकडे गेली. फक्त ‘निवडणूक झाली का’ एवढंच विचारलं, तर यातलं काहीच दिसत नाही. निवडणूक तर तुर्कमेनिस्तानातही होते. 2017 मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांना 97 टक्क्यांहून जास्त मतं पडली.

मग निर्देशांक निर्दोष आहेत का? अजिबात नाहीत. पूर्वी साम्यवादी राजवट असलेले 29 देश मोजणाऱ्या, फ्रीडम हाऊसच्याच ‘नेशन्स इन ट्रान्झिट’ या अहवालात आधी 1 हा सर्वोत्तम गुण होता. 2020 मध्ये पट्टी उलटी करून 7 सर्वोत्तम केला. जुना आणि नवा तक्ता न बघता जोडला, तर चांगले गुण मिळवणाऱ्या एस्टोनियाची लोकशाही एका रात्रीत कोसळलेली दिसेल. व्ही-डेमचे बरेच गुण तज्ज्ञांच्या मतांवर बेतलेले असतात, म्हणून ती संस्था प्रत्येक आकड्याबरोबर अनिश्चिततेची वरची आणि खालची मर्यादाही देते. दोन देशांच्या या मर्यादा एकमेकींत बऱ्याच मिसळत असतील, तर त्यांच्यातला वरचा कोण आणि खालचा कोण, हे त्या आकड्यांवरून खात्रीने सांगता येत नाही.