तुमचो पगार कितलो?

गेल्या जूनमध्ये सायबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, तुम्ही म्हापशाचे ना, मग बाजारात ओळखी असतीलच. आता म्हापशात जन्मलेल्या माणसाची बाजारातली ओळख म्हणजे कुठली मासेवाली कालचे बांगडे आजचे म्हणून देते एवढीच, पण सायबांना नाही कोण म्हणणार.

काम ऐकायला अगदी सोपं होतं. आमच्या खात्यात रोजंदारीवर मेस्त म्हणजे गवंडी आहेत, प्लंबर आहेत, हेल्पर आहेत, माळी आहेत, नारळ पाडायला एक पाडेलीपण आहे. त्यांचे दर वाढवायचेत, आणि वाढवायच्या आधी बाहेर प्रायव्हेटमध्ये लोक काय देतात ते बघून यायचं. हातात फॉर्म दिला. अकरा कॉलम. त्यातला आठवा, 'प्रतिदिन मजुरी (रुपये)'. त्या आठव्या कॉलमने माझा दीड महिना खाल्ला, दोन रेनकोट खाल्ले आणि स्कूटरचा क्लच खाल्ला तो वेगळाच.

पहिल्या दिवशी एका बिल्डिंगच्या साईटवर गेलो. ठेकेदाराला विचारलं, मेस्ताला काय देता? तो ताठ उभा राहिला आणि शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसं म्हणाला, "मिनिमम वेजेस. एक पैसा कमी नाही." रजिस्टर आणून दाखवलं. सगळ्यांना एकच आकडा, आणि सह्या बघितल्या तर झारखंडचा, ओडिशाचा आणि बेळगावचा, तिघांचंही अक्षर एकाच शाळेत घोटलेलं! मी काही बोललो नाही, माझ्या फॉर्ममध्ये अक्षराचा कॉलम नव्हता. एका कामगाराला बाजूला घेऊन विचारलं तर तो म्हणाला सेठ से पूछो. सेठ तिथेच उभा.

मग जाताना ठेकेदार गेटपर्यंत सोडायला आला, आवाज खाली आणला आणि विचारलं, "बाब, तुमचो पगार कितलो?"

मी सांगितला. का सांगितला माहीत नाही, सवयच लागलेली, सरकारी माणसाचा पगार म्हणजे देवळातली घंटा, कोणीही येऊन वाजवावी. तो ऐकून त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. भाच्याचा बायोडाटा. "तुमच्याकडे कुठे चिकटवता येतो काय बघा."

दुसऱ्या दिवशी डोकं लढवलं. म्हटलं मालकाला विचारायचंच नाही. सकाळी साडेसातला बाजाराजवळ जिथे कामगार कामासाठी उभे राहतात तिथे गेलो आणि स्कूटर उभी करायच्या आतच चौघांनी वेढा घातला, त्यातला एक तर मागे बसलासुद्धा. रोज किती? मेस्त म्हणाला बाराशे आणि जेवण. मी खूश, फॉर्म काढला, आणि तिथेच घोडचूक झाली, कारण सर्व्हे हा शब्द तोंडातून निघाल्याबरोबर त्याला वाटलं काहीतरी योजना आलीय, त्यात उत्पन्नाची मर्यादा असणार, आणि तो म्हणाला नाही नाही, बाराशे नाही, साडेचारशे, तेपण आठवड्यातून तीन दिवस. एकाच माणसाने दोन मिनिटांत दोन आकडे दिले आणि दोन्ही वेळा माझ्या डोळ्यात डोळे घालून दिले. मागे बसलेला मात्र उतरला नाही. त्याला वाटत होतं मी घासाघीस करतोय.

आमच्या ऑफिसात हेड क्लार्क आहेत, वेतन आयोग हा त्यांचा पोथीचा विषय. त्यांना हे सांगितलं तर हसले आणि म्हणाले, अहो, बाजार बघून पगार ठरवायला गेलं की असंच होतं. सातव्या आयोगाने अहमदाबादच्या आयआयएमकडून हाच अभ्यास करून घेतला होता, काय निघालं माहीत आहे? सगळ्यात खालच्या सरकारी हेल्परला तेव्हा महिन्याला एकूण २२,५७९ रुपये पडत होते आणि तसल्याच प्रायव्हेट हेल्परला ८,००० ते ९,५००. म्हणजे बाजार बघितला तर पगार कमीच करावा लागेल! म्हणून किमान पगार बाजारावर काढत नाहीत, ताटावर काढतात. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेपासूनचा हिशोब आहे: कामगाराच्या कुटुंबाची तीन युनिटं, एक युनिट म्हणजे एका मोठ्या माणसाचं खाणं, प्रत्येक युनिटला २,७०० कॅलरी, सगळ्यांना मिळून वर्षाला ७२ वार कापड, वर घरभाडं, जळण-दिवा. त्याच वाटेने सातवा आयोग महिना १८,००० वर आला.

आणि मासे? मी विचारलं.

मासे महिन्याला अडीच किलो, ते म्हणाले, आणि आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प बसलो. अडीच किलो. तीन युनिटांना. महिन्याला! आमच्याकडे रविवारी पाहुणे आले तर तेवढे मासे दुपारच्या शीतकडीतच संपतात. गोव्याचा एक माणूस जरी त्या आयोगावर असता तर किमान पगार कुठल्या कुठे गेला असता.

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो, त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो म्हणतो, आमच्याकडे तर यासाठी १९७२ चा कायदा आहे. केंद्र सरकारचे जे हाताने काम करणारे लोक, म्हणजे वेल्डर, मेकॅनिक, सुतार, त्यांचा ताशी दर त्या त्या भागातले प्रायव्हेट मालक काय देतात त्यावरून ठरतो. दोन वर्षांतून एकदा पूर्ण सर्व्हे, मधल्या वर्षी फक्त काय बदललं ते विचारायचं, आणि विचारायला जोडी जाते, एक युनियनचा आणि एक ऑफिसचा, म्हणजे कोणी आकड्यात खोड्या करायला नको. कल्पना छान आहे. आमच्याकडे अशी जोडी पाठवली तर पहिल्यांदा भाजीपाव खायला जाईल, आणि बिल कोणी द्यायचं यावर जी चर्चा होईल तिचं मिनिट्स लिहायला तिसरा माणूस लागेल.

असो. पुढचे दिवस साधारण असे गेले: सकाळी मालक नसतो, एक वाजता शटर खाली, चारपर्यंत सगळा गोवा आडवा, चारनंतर गेलं की "फाल्यां यो", उद्या ये. जुलैच्या शेवटी उत्तर बदललं, "चवथ जांव दी मरे," म्हणजे गणेश चतुर्थी होऊन जाऊ दे. एका हॉटेलात मॅनेजर भेटला, चांगला माणूस, एसीमध्ये बसवलं, पण प्रश्नालाच प्रश्न: सीझनचा पगार सांगू की ऑफसीझनचा? टिप धरू की नको? जेवण-राहणं धरू? मी म्हटलं फक्त एक आकडा द्या. तो म्हणाला, बायोडाटा देतो.

शेवटी उरला पाडेली. हा माणूस शोधण्यात चार दिवस गेले, कारण पाडेली आता भाटकाराच्या, म्हणजे माडांच्या मालकाच्या, आठ हाका झाल्या की नवव्या हाकेला येतो आणि येतो तोही बुलेटवरून. दीड महिन्यात खरं बोलणारा हा पहिला माणूस. माडावर चढता चढता वरूनच ओरडला, "एका माडाक शंभर, आनी दोन नाल्ल!" दिवसाला किती माड? पाऊस नसला तर तीस, कधी चाळीस. मी खाली उभा राहून बेरीज केली, परत केली, आणि मग ज्या हाताने बेरीज केली त्या हाताकडे बघत राहिलो. वरून आवाज आला, "आनी तुमचो पगार कितलो?"

पहिल्यांदाच मी सांगितला नाही. पाऊस आला म्हणून ऐकू आलं नाही असं दाखवलं.

फॉर्म भरले ते नऊ. बायोडाटे जमले अकरा. पाडेलीच्या फॉर्ममध्ये आठव्या कॉलमात मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'प्रति माड रु. १०० अधिक नारळ २ नग', आणि फाईल वर पाठवली. तीन आठवडे ती कुठल्या कुठल्या टेबलावर बसून आली कोण जाणे, चवथीच्या आदल्या दिवशी परत माझ्याच टेबलावर. हिरव्या शाईत एकच ओळ होती: 'नारळ रुपयांत रूपांतरित करून दर्शवावेत. त्याकरिता किमान तीन बाजारांतील नारळाचे दर गोळा करून सोबत जोडावेत.'

खाली माझं नाव, तुम्ही म्हापशाचे म्हणून.