बँडविड्थ कोणी सांगतच नाही
अहवालात कर्नल घनतेचा, म्हणजे आकडे कुठे किती दाटले आहेत ते दाखवणारा, गुळगुळीत वक्र डौलाने छापला जातो, पण त्यासाठी बँडविड्थ, म्हणजे वक्र किती गुळगुळीत करायचा हे ठरवणारी रुंदी, किती घेतली हे कोणीही लिहीत नाही, आणि दर वेळी तेच विचारताना माझा संताप होतो. काहीच न सांगितल्यास ‘आर’ या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधील डेन्सिटी फंक्शन बँडविड्थसाठी संख्याशास्त्रज्ञ सिल्व्हरमन यांचा ०.९ गुणकाचा ढोबळ नियम लावते. तो आकडेवारी जवळपास प्रसामान्य, म्हणजे एकाच शिखराची घंटाकृती, आहे असे धरून चालतो, त्यामुळे खरी दोन शिखरे एकाच बुटक्या टेकडीत विरघळू शकतात. हा नियम सर्वसाधारण शिफारस म्हणून नव्हे, तर ऐतिहासिक कारणांमुळे आणि सुसंगती राहावी म्हणून टिकला आहे, असे त्याच फंक्शनच्या मदतपानावर लिहिलेले असते आणि बँडविड्थ निवडण्याची शीदर-जोन्स ही दुसरी पद्धतही तिथेच सुचवलेली असते. वाचतो कोण? प्रतीक्षेचा काळ ऋण असूच शकत नाही, तरीही अशाच न तपासलेल्या वक्राची शून्याच्या डावीकडे पसरलेली शेपटी गेल्या आठवड्यात पुन्हा माझ्यापुढे आली.